इलेक्शन ड्युटी लागलीये ना, मग आधी घरात बोलून घे

छोट्या मॅडम,

तुझा मेसेज वाचला. ऑर्डर हातात पडल्यापासून झोप नाही म्हणतेस आणि विचारलंस काय, तर मॉक पोलला, म्हणजे खऱ्या मतदानाआधी मशीन तपासायला घेतात त्या लुटुपुटुच्या मतदानाला, उमेदवारांचे एजंटच आले नाहीत तर काय करायचं. अगं ते हँडबुकमध्ये आहे, ट्रेनिंगमध्ये पण सांगतील, आणि तू मतदान अधिकारी क्रमांक एक, तुझ्यापुढे मतदार यादीची मार्क कॉपी असणार, म्हणजे आलेल्या मतदाराच्या नावावर खूण करायची ती प्रत, मशीनची जबाबदारी केंद्राच्या प्रमुखांची, म्हणजे केंद्राध्यक्षांची. हां, त्यांची तब्येत बिघडली तर त्यांच्या जागी तुलाच बसावं लागतं, म्हणून हँडबुक नीट वाच, पण एकदाच वाच, रोज रात्री उशाशी घेऊन झोपू नकोस. ट्रेनिंगमध्ये घराबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून ते मी लिहिते.

ड्युटी कॅन्सल करून घ्यायच्या मागे लागू नकोस. खरंच आजारपण असेल तर कागद जोडून अर्ज कर, नाहीतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५९ आहे, त्याखाली आपल्यासारखा स्टाफ मागवून घेतात, त्यात चिडचिड करून फक्त आपलंच डोकं दुखतं.

आता आपल्या बायका काय करतात माहितीये का, जायच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकरापर्यंत दोन दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये लावायच्या, सासूबाईंच्या गोळ्या वार लिहून डब्यात भरायच्या, आणि सकाळी तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी साहित्य वाटपाच्या मंडपात जाऊन उभं राहायचं, जिथे टेबल सापडेपर्यंतच जीव जातो. तू हे करायचं नाही. घरातले लोक दोन दिवस खिचडी खाऊन मरत नाहीत. मिस्टरांना स्पष्ट सांग की हे दोन दिवस स्वयंपाक आणि पोरगी तुमच्याकडे, "जमेल का" असं विचारू नको, विचारलं की जमत नाही.

पोरीला खोटं सांगून निघू नकोस. आई एका गावच्या शाळेत झोपायला चाललीये, तिथे मतदान आहे, उद्या रात्री तू झोपल्यावर येईन आणि उठशील तेव्हा शेजारी असेन, एवढं सांगितलं की पोरं ऐकतात. आपणच दारात रडतो आणि मग ती रडतात.

फोनचं पण आधीच ठरवून टाक. गाडीत बसल्यावर एक, रात्री मुक्कामाला पोचल्यावर एक, आणि मतदान बंद करून सगळं सील झाल्यावर एक, बास. "मध्ये मी उचलणार नाही, घाबरू नका" असं घरी सांगून ठेव. सकाळी सात ते संध्याकाळी सहा तू यादीतनं मान वर काढू शकणार नाहीस, त्यात खिशात फोन थरथरत राहिला की जीव घरी आणि बोट भलत्याच नावावर. सहाला संपतं असंही घरी सांगू नको. सहा वाजता जे रांगेत असतात त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात आणि त्या सगळ्यांचं मतदान घ्यावंच लागतं, मग पाकिटं, सील, सतरा-सी म्हणजे मतांच्या हिशोबाचा फॉर्म, मग गाडीची वाट, मग जमा करायची रांग. मध्यरात्र धरून चाल. एसटी तुला तालुक्याला आणून सोडेल, तिथून घरापर्यंत तुझं तू. म्हणून रात्री न्यायला कोण येणार, गाडीत पेट्रोल आहे का, हे आजच ठरव. मला विचारशील तर सगळ्यात जास्त टेन्शन याच एका गोष्टीचं असतं, आणि हे घरचेच मिटवू शकतात.

खाण्याचं आपलं आपण न्यायचं. गावात सोय होते बऱ्याचदा, पण कुठल्या उमेदवाराच्या माणसाकडनं आलेला डबा, चहा काही घ्यायचं नाही. आईला सांग दशम्या नाहीतर धपाटे कर म्हणून, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ. दही नको.

आणि पाणी. हे नीट वाच. शाळेतलं टॉयलेट कसं असेल सांगता येत नाही म्हणून आपण बायका दिवसभर पाणीच पीत नाही. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं, चक्कर, मग आठवडाभर लघवीची जळजळ. २०२४ ची लोकसभा महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशी ऐन उन्हात झाली, तेव्हा पण कित्येकजणी घोटभर पाण्यावर बसलेल्या होत्या. तू मुक्कामाला पोचलीस की मशीनच्या आधी टॉयलेट बघ, पाणी-कडी नसेल तर तिथल्या शिपाईमामांना, अंगणवाडीताईंना सांग, पटकन सोय करतात. पॅड, साबण, टॉर्च, डासांची अगरबत्ती, पातळ चादर, हे बॅगेत वर ठेव. दर थोड्या वेळाने उठायचं म्हटलं तर केंद्राध्यक्षांना सांगून पाच मिनिटं दुसऱ्याला बसव. लाजायचं काय त्यात.

रात्री मॉक पोलची तालीम करत जागू नकोस. पहाटे चारला उठायचंच आहे, साडेपाचला मॉक पोल, किमान पन्नास मतं टाकून निकाल बघायचा आणि मग ती मतं मशीनमधून पुसून क्लिअर करायचं, ते सगळे मिळून करतील. मशीन अडलं तर आसपासच्या केंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या झोनल ऑफिसरकडे राखीव मशीन असतं.

परत आल्यावर वेगळंच सुरू होतं. अंथरुणात पडलं की डोक्यात चालू, क्लिअर केलं होतं ना, त्या म्हाताऱ्या आजींचं नाव बरोबर टिक केलं ना. त्यासाठी केंद्रावरच, सील करायच्या आधी, नोंदवहीची बेरीज आणि मशीनचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघ, केंद्राध्यक्षांच्या डायरीत लिहिलेलं एकदा वाच. मग रात्री डोकं कितीही कुरकुरलं तरी त्याला उत्तर असतं. मिस्टरांना सगळं सांगत बसलीस तरी चालेल, कोण ओरडलं, पाय किती सुजले, भीती कुठे वाटली. फक्त मताच्या गुप्ततेला धक्का लागेल असं काही घरात पण नाही, त्याला त्याच कायद्यात कलम १२८ आहे आणि शिक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला काढू नकोस, गरम पाण्यात पाय घालून बस आणि पोरीला घेऊन झोप. पाहुणे बोलावले असतील तर आत्ताच पुढे ढकल.

आणि हो, पोस्टल मताचा फॉर्म आणलास का? ट्रेनिंगच्या ठिकाणी सुविधा केंद्र असतं तिथेच मत देऊन मोकळी हो, नंतर राहून जातं.