ब्रॉडहेड लावल्यावर बाण डावीकडे का जातात, आणि हरणाच्या शिकारीसाठी कार्बन बाण कोणते घ्यावेत?

आपण साताऱ्यात लक्ष्यावरची तिरंदाजी शिकलात, आता पेनसिल्व्हेनियात ६० पौंडांचे (म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारे) कंपाऊंड धनुष्य घेतले आहे आणि आपली ड्रॉ लेंथ, म्हणजे प्रत्यंचा ताणण्याचे अंतर, २८ इंच आहे. दुकानात आपल्याला सर्वांत हलके बाण सुचवले गेले, आणि सरावाच्या टोकाने नेमके बसणारे हे बाण ब्रॉडहेड (शिकारीचे धारदार पात्यांचे टोक) लावताच २० यार्डांवर चार इंच डावीकडे जातात, असे आपण लिहिले आहे. मी याच राज्यात काही वर्षे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतो आणि पहिल्या वर्षी मीही हलक्या बाणांच्या मोहात पडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजनाविषयी. लक्ष्यावर वेगाचा फायदा होतो, कारण बाणाचा मार्ग सपाट राहतो. शिकारीत मात्र बाणाला कातडी आणि बरगड्या भेदून आरपार जायचे असते. माझ्या ६० पौंडांच्या धनुष्यातून ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचे छोटे एकक) बाण सेकंदाला सुमारे २६० फूट वेगाने जातो आणि ४६० ग्रेनचा सुमारे २४५ फूट. गतिज ऊर्जा दोन्हींची जवळपास सारखीच, म्हणजे ६० फूट-पौंडांच्या आसपास भरते. पण संवेग जड बाणाचा सुमारे ८ टक्क्यांनी अधिक असतो आणि धनुष्याचा आवाजही कमी होतो. प्रत्यंचेच्या आवाजाने हरीण बाण पोहोचण्यापूर्वीच खाली दबते, त्यामुळे हा आवाज मला त्या पंधरा फुटांच्या फरकापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण ४२० ते ४६० ग्रेनच्या दरम्यान राहावे.

दुसरी बाब स्पाइनची, म्हणजे बाणाच्या ताठपणाची. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर बाण ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगले असता तो जितका वाकतो, तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागात नळीवर छापलेला असतो. म्हणून ४०० स्पाइनचा बाण ५०० च्या बाणापेक्षा ताठ असतो, कितीही उलटे वाटले तरी. हा आकडा स्थिर अवस्थेतला आहे. सुटताना बाण प्रत्यक्षात किती लवचीक वागेल, हे लांबी, पुढचे वजन आणि धनुष्याचा जोर यांवर ठरते, आणि या तिन्हींपैकी काहीही वाढवले की बाण अधिक मऊ वागतो. आपल्या मापांना २८ इंची बाण आणि १०० ग्रेनचे टोक असेल तर ४०० स्पाइन सहसा जुळते. परंतु १२५ ग्रेनचे ब्रॉडहेड आणि पितळी इन्सर्ट (टोक बसवण्यासाठी नळीत घालायचा तुकडा) घ्यायचा विचार असेल, तर कंपनीच्या तक्त्यात एक पायरी ताठ बाण पाहावा. तक्ता पाहिल्याशिवाय बाण कापू नये, कारण कापलेली लांबी परत येत नाही. कापण्यासाठी वेगाने फिरणारी अपघर्षक चकती वापरावी आणि तोंडावर मास्क असावा. कार्बनची धूळ छातीत जाण्यासारखी नसते.

समतोलही तपासावा. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला प्रत्यंचेवर बसणाऱ्या तुकड्याच्या, खाचेपासून नळीच्या पुढच्या टोकापर्यंत २८ इंच असलेला बाण, टोक लावून, खाचेपासून १७.५ इंचांवर तोलला गेला, तर तो बिंदू मध्यापासून साडेतीन इंच, म्हणजे लांबीच्या १२.५ टक्के पुढे आहे. शिकारीसाठी १० ते १५ टक्के पुरेसे आहेत.

आता आपल्या चार इंचांकडे वळू. ब्रॉडहेडची पाती पुढे बसवलेल्या पंखांसारखी वागतात. बाण धनुष्यातून किंचित तिरका सुटला, तर सरावाच्या टोकाची ती चूक मागची पिसे झाकून टाकतात. ब्रॉडहेड मात्र तीच चूक वाढवते. म्हणजे आपले बाण आधीपासूनच तिरके सुटत असावेत. प्रथम दोन्ही कॅम (धनुष्याच्या टोकांवरच्या फिरत्या चकत्या) एकाच वेळी थांबतात का ते पाहावे, मग सहा फुटांवरून ताणलेल्या कागदातून बाण सोडून फाटलेली खूण पाहावी. शेपूट टोकाच्या वर फाडत असेल तर रेस्ट (धनुष्यावरचा बाणाचा आधार) थोडे वर न्यावे. त्यानंतर दोन्ही प्रकारचे बाण एकाच लक्ष्यावर सोडून, ब्रॉडहेड ज्या दिशेला यायला हवेत त्या दिशेला, आपल्या बाबतीत उजवीकडे, रेस्ट इंचाच्या बत्तिसाव्या भागाने सरकवावे. दोन्ही गट एकत्र आल्यावरच साइट (नेम धरण्याचे साधन) हलवावी. बरेच जण उलटे करतात, ब्रॉडहेडसाठी साइट सरकवतात, आणि मूळ दोष तसाच राहतो. एखादाच बाण वेगळा जात असेल तर त्याचे नॉक थोडे फिरवून पाहावे, आणि ब्रॉडहेड लावलेला बाण टोकावर उभा फिरवून तो डगमगतो का तेही पाहावे.

शेवटी एक सवय लावून घ्यावी: सरावातही बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो दोन्ही हातांत धरून, अंगापासून दूर, हलकेच वाकवावा आणि फिरवत कान द्यावा. कर्र असा आवाज आला किंवा नखाला चीर लागली, तर तो बाण तिथेच मोडून टाकावा, कारण तडकलेला कार्बन प्रत्यंचेच्या झटक्याने फुटला की त्याच्या काड्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.