कॅनपीची चौकट धडावर बसत नसेल तर

प्रश्न : नागपूरला हिंगणा मार्गावरील शेडमध्ये मी किटवरून दोन आसनी ॲल्युमिनियमचे विमान बांधत आहे. कॅनपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, वेल्डिंग केलेली पोलादी चौकट विमानाच्या धडावर ठेवली की तिचा पुढचा उजवा कोपरा सुमारे 4 मिमी वर राहतो. ॲक्रिलिक (झाकणाचे पारदर्शक प्लॅस्टिक) बसवून स्क्रू आवळल्यावर हे अंतर मिटेल का? आणि शेडमध्ये उन्हाळ्यात उभे राहवत नसल्याने कापणी आणि भोके डिसेंबरातच उरकावीत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : 4 मिमी म्हणजे फॅब्रिकेटरच्या मापात सव्वा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एवढे अंतर स्क्रू आवळून दिसेनासे होईल खरे. पण ओढून बसवलेल्या चौकटीचा ताण ॲक्रिलिकच्या भोकांवर येत राहील आणि काही महिन्यांनी एखाद्या भोकापासून तडा निघेल. म्हणून ॲक्रिलिक बाजूला ठेवून आधी एकटी चौकटच धडावर बिनजोर बसली पाहिजे.

एकच कोपरा वर राहतो, त्याअर्थी कशाला तरी पीळ आहे. वेल्डिंग थंड होताना नळ्या आकसतात, त्यामुळे संशय पहिल्यांदा चौकटीवरच घ्यावा. तरीही ती सपाट टेबलावर ठेवून पाहावी आणि कॉकपिटचे दोन्ही कर्णही मोजावेत, कारण धडच तिरपे असेल तर चांगली चौकट वाकवून बसाल. पीळ चौकटीतच निघाला, तर लाकडी ठोकळ्यांचा आधार देऊन हाताच्या जोराने थोडे थोडे वाकवावे. नळी काहीशी परत फिरते, म्हणून दर वेळी धडावर ठेवून पाहावे. गॅसच्या ज्योतीने तापवू मात्र नये. अशा चौकटीच्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाची ताकद त्याने बिघडते. वाकवून झाल्यावर सांध्यांजवळचा रंग काढून डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती उठून दाखवणाऱ्या रंगद्रवाने) बारीक चिरा तपासाव्यात.

डिसेंबर टाळावा. थंड ॲक्रिलिक ठिसूळ होते, आणि नागपूरला आणखी एक कारण आहे. 1.2 मीटर लांबीचे ॲक्रिलिक 10 अंशांवरून 45 अंशांवर गेले की जवळजवळ 3 मिमी वाढते, तर पोलादी चौकट जेमतेम अर्धा मिमी. ही तफावत भोकांनीच सामावून घ्यायची असते. भोके 28-30 अंशांना पाडली, तर वाढ आणि आकुंचन दोन्ही बाजूंना सारखे विभागले जातात. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीअखेरची दुपार त्यासाठी उत्तम. 3.2 मिमी रिव्हेटसाठी आपल्याकडच्या उन्हात 4.5 ते 5 मिमी भोक हवे, असे माझे मत आहे. मात्र किटच्या नकाशातील माप वेगळे असल्यास निर्मात्याला विचारूनच बदल करावा.

पत्र्याचे नेहमीचे ड्रिल ॲक्रिलिकमधून पलीकडे निघताना एकदम खेचले जाते आणि तिथेच तुकडा उडतो. ड्रिलच्या दोन्ही धारा किंचित सपाट घासून घ्याव्यात, म्हणजे ते ओरबाडत जाते. मागे लाकूड धरावे आणि वेग कमी ठेवावा. कापण्यासाठी करवतीऐवजी पातळ कटिंग डिस्क बरी. कापलेली कड 320, मग 400, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तिच्यावर एकही आडवी रेघ उरू देऊ नये, कारण तडे बहुधा अशाच रेघेतून सुरू होतात. पेट्रोल, थिनर आणि नटबोल्ट घट्ट धरणारे थ्रेडलॉकर ॲक्रिलिकला लागू देऊ नये. पुसायला साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड पुरते.