६५ टक्के अल्कोहोलची, मोजक्याच बाटल्यांची बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) लोक एवढी का शोधतात? घसा जाळण्यापलीकडे तिच्यात काय असतं?

पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. साध्या व्हिस्कीसारखा मोठा घोट घेतला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मित्राने काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मी केंटकीत राहतो. दूधवाला दुधात घालतो तसं व्हिस्कीतही बाटलीत भरण्याआधी पाणी घालतात. फक्त इथे ते उघड आणि कायदेशीर असतं. 'बॅरल प्रूफ' म्हणजे ते न घातलेली, पिंपातून निघाली तशी. किती पाणी घालायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि खरी गंमत तिथेच आहे. चमचाभर पडलं की मघाशी नुसती झोंबणारी तीच दारू बोलायला लागते: काकवी, करपवलेली साखर, व्हॅनिला, आजीच्या लाकडी कपाटाचा वास.

बर्बन आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात जास्तीत जास्त ६२.५ टक्क्यांनी भरता येते. पण एलायजा क्रेग या ब्रँडची सी९२३ बॅच ६६.५ टक्क्यांची होती (लेबलवर १३३ प्रूफ, प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट). ही वाढ इथल्या उन्हाळ्याची. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर इतकं तापतं की पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी लवकर उडतं. स्कॉटलंडच्या दमट थंडीत सहसा उलटं होतं.

बाटल्या कमी का, त्याचं निम्मं उत्तरही यातच आहे. जॉर्ज टी. स्टॅग नावाची बर्बन पंधराएक वर्षं पिंपात असते. तोवर अर्ध्याहून जास्त माल हवेत गेलेला असतो. २०२१ साली पिंपं मनासारखी उतरली नाहीत म्हणून कंपनीने ती बर्बन बाजारात आणलीच नाही.

उरलेलं निम्मं म्हणजे आपलं वेड. मी एकदा नोव्हेंबरच्या थंडीत पहाटे पाचपासून एका दुकानाबाहेर रांगेत होतो. माझ्यापुढे दोन माणसं असताना बाटल्या संपल्या. पुढचा आठवडाभर न चाखलेली ती बर्बन माझ्या लेखी जगातली सर्वोत्तम होती! दुप्पट-तिप्पट भावाने मात्र घेऊ नका. एलायजा क्रेगची बॅरल प्रूफ वर्षातून तीनदा येते, थोडी वाट पाहिली की मिळते.

कुणाकडून मागवणार असाल तर ७० टक्क्यांवरची विमानात नेता येत नाही. आणि पेग ३० मिलीचाच भरा. ६५ टक्क्यांची ३० मिली म्हणजे साध्या ४० टक्केवालीची जवळपास ४९ मिली होते.