जर्मन ‘गिफ्ट’मध्ये विष कुठून आले?

जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि स्वीडिशमध्ये तसाच लिहिला जाणारा, पण ‘यिफ्ट’ असा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे विवाहित. या दोघांचे इंग्रजी ‘गिफ्ट’शी काही नाते आहे की हा निव्वळ योगायोग, असे एका वाचकाने विचारले आहे. नाते आहे आणि ते सख्खे आहे. ‘जर्मन माणसाला भेटवस्तूत विष दिसते’ हे जे वाक्य येता-जाता ऐकवले जाते, त्याचा मात्र आता वीट आला आहे.

तिन्ही शब्द ‘देणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूपासून निघाले. जर्मन ‘गेबेन’ आणि इंग्रजी ‘गिव्ह’ त्याच घरातले. खरी गंमत विषाच्या अर्थात आहे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे मुळात ‘देणे’, आणि वैद्यांच्या तोंडी रोग्याला एका वेळी द्यायची मात्रा. लॅटिनने तो शब्द जसाच्या तसा उचलला, तर जर्मन भाषकांनी त्याचा अर्थ आपल्या ‘गिफ्ट’वर चढवला आणि ती मात्रा पुढे मारक ठरली. आपण ज्या उपदेशाचे ‘डोस’ पाजतो तो हाच शब्द, आणि त्यातला धातू संस्कृत ‘दा’चा सहोदर असल्यामुळे ‘डोस’ आणि ‘दान’ ही एकाच कुळातली भावंडे ठरतात.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ही व्युत्पत्ती 1925 च्या आपल्या निबंधात शंकास्पद ठरवली, कारण रोजच्या वस्तूला पंडिती नाव पडत नाही असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. त्याच्याच फ्रेंच भाषेत विषाला ‘प्वाझों’ म्हणतात, आणि तो शब्द ‘पेय, काढा’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘पोतिओ’पासून आला आहे! विषाचे नाव घेणे माणसे टाळतात, असे माझे ठाम मत आहे; मराठीतही ‘त्याला कुणी काही दिले तर नाही ना?’ एवढे म्हटले की पुरते.

जुना अर्थ जर्मनमधून पुसला गेलेला नाही. ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा, लेकीसोबत दिलेले. विषवाचक ‘गिफ्ट’ आज नपुंसकलिंगी आहे, पण ‘मिटगिफ्ट’ने जुने स्त्रीलिंग टिकवून धरले आहे. स्वीडिश शब्दाचे उत्तर आपण मुलगी ‘देतो’ त्यातच आहे.