बेझल सेटिंगमुळे हिऱ्याची चमक खरंच मरते का?

तुम्ही लिहिलंय की लग्न ठरलंय, होणारी बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिला साखरपुड्याला अर्ध्या कॅरटचा गोल हिरा बेझलमध्ये बसवलेला हवाय. आणि तुमच्या आईचं म्हणणं की असा चहूबाजूंनी सोन्यात कोंडलेला हिरा चमकत नाही, शिवाय लहान दिसतो. मी पुण्यात हिऱ्याच्या दागिन्यांची दुरुस्ती आणि जडणकाम करतो, वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. माझं सरळ उत्तर: बेझलच घ्या. मात्र ते मागून उघडं असू द्या, आणि हिरा बसवण्याआधी सुटा बघून घ्या. या दोन अटी का, ते सांगतो.

बेझल म्हणजे आपलं कोंदणच. काट्यांच्या, म्हणजे प्रॉंगच्या अंगठीत चार किंवा सहा काटे हिऱ्याला वरून धरून ठेवतात. कोंदणात सोन्याची पातळ भिंत हिऱ्याच्या पूर्ण कडेभोवती फिरते आणि तिचा काठ हिऱ्यावर दाबून बसवलेला असतो. शोरूममध्ये तुम्हाला दहातल्या आठ अंगठ्या काट्यांच्याच दाखवतील. काट्यांवर उंच उचललेला एकटा हिरा ही चाल न्यूयॉर्कच्या टिफनीने १८८६ साली सहा काट्यांची अंगठी आणली तेव्हापासून जगभर रुजली. कोंदण त्याच्या कितीतरी आधीचं.

आता आईंचं म्हणणं. ते चूक नाही, फक्त ते दुसऱ्या कोंदणाबद्दलचं आहे. आपल्या आज्यांच्या कुड्या आणि नथी आठवा. त्यांतले जुने हिरे बरेचदा पोलकी, म्हणजे चपटे, जेमतेम पैलू पाडलेले. त्यांच्यात स्वतःची चमक कमी, म्हणून मागे चकाकणारा वर्ख, डांक घालून कोंदण मागून बंद करत. वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी आणि तेल आत झिरपलं की तो डांक काळवंडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. हे आईंनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आजच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याचं गणित निराळं. त्यात उजेड वरून शिरतो, खालच्या तिरप्या पैलूंवर आपटतो आणि पुन्हा वरूनच बाहेर येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे तो उजेड फार वाकवतो, त्यामुळे पैलू योग्य कोनात पाडले असतील तर खालून फार थोडा उजेड निसटतो. कोंदणाची भिंत धरते ती हिऱ्याची कड, गर्डल. वरचा सपाट भाग आणि त्याभोवतीचे बहुतेक पैलू मोकळेच राहतात. त्यामुळे चमक ठरते ती पैलूंवरून. म्हणून सर्टिफिकेटवर कट, म्हणजे पैलू पाडण्याचा दर्जा, ‘एक्सलंट’ असलेलाच हिरा घ्या, तिथे तडजोड करू नका. चमक खरी मारतो तो खालच्या पैलूंवर साचणारा क्रीमचा आणि साबणाचा थर. तुमच्या होणाऱ्या बायकोच्या कामात तर हाताला दिवसभर तेल आणि जेल. मागून उघडं कोंदण मागायचं ते याच्यासाठी. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश मागच्या भोकातून फिरवला की झालं. टूथपेस्ट नको, हिऱ्याला काही होत नाही पण सोन्यावर चरे पडतात.

काट्यांचं काय होतं ते मी रोज बघतो. गेल्या वर्षी एक नर्सताई आल्या, रुमालाच्या गाठीत अंगठी. तीन काटे जागेवर, चौथा बाहेर वळलेला, मधे नुसतं भोक. हातमोजे काढताना काटा कधी अडकला, हिरा कधी पडला, त्यांना कळलंच नाही. वॉर्डमधली कचऱ्याची पिशवीसुद्धा त्यांनी शोधून झाली होती. मी आयग्लास, म्हणजे आमचं डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिलं तर उरलेल्या तीन काट्यांची टोकंही कागदासारखी झिजलेली. वर्षातून एकदा कुणी तपासले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. मला असं काही दिसलं की फार वाईट वाटतं, कारण हिरा नवा घेता येतो, पण तोच हिरा परत येत नाही.

कोंदणात हा धोका बराच कमी. पैठणीचे धागे ओढले जात नाहीत, कणकेत, केसांत, स्वेटरमध्ये अडकत नाही. पेशंटच्या अंगाला काटा ओरखडणार नाही, हे तिच्यासाठी महत्त्वाचं. शिवाय हिरा कितीही कठीण असला तरी ठराविक दिशांनी तो फुटतो. कड ओट्यावर नेमकी आपटली तर टवका उडतो, आणि कोंदण नेमकी ती कडच झाकतं.

पण तीच गोष्ट उलटीही वापरली जाते. एकदा माझ्याकडे कोंदण मोठं करायला अंगठी आली. काठ उचलला, हिरा चिमट्याने बाहेर काढला, तर गर्डलवर तांदळाच्या कणीएवढा जुना टवका. फुटीच्या आतपर्यंत पॉलिशचा तांबूस मळ बसलेला, म्हणजे हिरा फुटका असतानाच बसवला होता. घेणाऱ्याला सात वर्षं पत्ता नव्हता. म्हणून माझी दुसरी अट: हिरा पुडीत असताना दुकानात बसून दहापट आयग्लासखाली कड पूर्ण फिरवून बघा. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांनी सर्टिफिकेट दिलेल्या बऱ्याच हिऱ्यांवर सर्टिफिकेटचा नंबर लेझरने गर्डलवरच कोरलेला असतो. पूर्ण कोंदण बसलं की तो नंबर वाचता येत नाही. तेव्हा आधीच वाचून सर्टिफिकेटशी ताडून घ्या, आयग्लासमधून मोबाईलने फोटो काढून ठेवा. चांगला सराफ याला नाही म्हणत नाही.

लहान दिसण्याबद्दल: अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर असतो. अर्धा मिलिमीटर भिंत धरली तर वरचा गोल सहाच्या पुढे जातो, आणि एक कॅरटचा हिरा असतो साडेसहाचा. भिंत पांढऱ्या धातूची असेल तर लांबून डोळ्याला सगळं मिळून हिराच वाटतो. पिवळ्या सोन्यात हिऱ्याची सीमा ठळक दिसते. मला स्वतःला ती पिवळी चौकटच आवडते, आपल्या सावळ्या-गव्हाळ हातांवर तिच्यासारखं काही दिसत नाही. फक्त मग डी-ई रंगाच्या, म्हणजे अगदी रंगहीन हिऱ्याला जादा पैसे घालू नका. पिवळ्या भिंतीची छटा हिऱ्यात उतरतेच. त्याखालचा, किंचित छटा असलेला जी किंवा एच रंग पुरे, वाचलेले पैसे कटवर घाला. पांढरं हवं असेल तर प्लॅटिनम उत्तम, मऊसूत वळतं आणि पांढरं राहतं. व्हाइट गोल्डवरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजतो, तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो.

घरचे बावीस कॅरट सोन्याचा आग्रह धरतील. काट्यांसाठी ते फार मऊ, कोंदणात चालून जातं, पण रोज वापरायच्या अंगठीचा काठ लवकर झिजेल. अठरा कॅरट घ्या. आत हॉलमार्कचा शिक्का असेल: ७५०, म्हणजे अठरा कॅरटची शुद्धता, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी नंबर, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. हा शिक्का सोन्याचा आहे, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

घडणावळ काट्यांच्या अंगठीपेक्षा जास्त पडेल. घासाघीस करा, पण इथे फार नको. भिंत बसवताना कारागीर आधी समोरासमोरचे चार बिंदू दाबतो, मग त्यांच्या मधले, मग मधल्यांच्या मधले. सरसकट एका बाजूने दाबत गेला तर हिरा तिरका बसतो. घाईत केलेलं काम ओळखायचं असेल तर नख काठावरून हिऱ्यावर फिरवा, कुठेही अडकता कामा नये. आयग्लासखाली काठ आणि हिरा यांच्यामध्ये काळी फट दिसता कामा नये. अंगठी कानाजवळ धरून टिचकी मारा, किणकिण आली तर परत द्या.

एक तोटा मान्य करतो. पुढे लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मोठा हिरा घालायचं मनात आलं, तर काटे वाकवून काम भागतं, कोंदण मात्र नवंच करावं लागतं. तसा विचार असेल तर आजच तिच्याशी बोलून घ्या.

आणि बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. कोंदणाच्या अंगठीचा डोक्याकडचा भाग जड असतो, सैल झाली की तळहाताकडे फिरत राहते. सांध्यावरून जाताना थोडी अडखळून उतरेल, एवढी घट्ट हवी.