पुणं समुद्रात का गेलं?

तुझ्या नकाशावर पुण्यातली दुकानं नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात दिसतायत ना? घाबरू नकोस, आकड्यांची अदलाबदल झालीय. पुणं म्हणजे अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, गूगल मॅप्सही तसंच दाखवतं. जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात मात्र रेखांश आधी, कारण तिथे आधी क्ष (आडवा अक्ष) आणि मग य (उभा). पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसचंही तेच. वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीची गंमत तर बघ: मार्करला, म्हणजे नकाशावरच्या खुणेला, अक्षांश आधी द्यायचा, पण त्याच लीफलेटला जिओजेसन फाइल दिलीस तर तिच्यात रेखांश आधी हवा. यात माझ्या दोन रात्री गेल्यात. महाराष्ट्रापुरती सोपी खूण सांगतो: मोठा आकडा नेहमी रेखांशाचा. माहिती आयात करतानाच ही तपासणी टाक.

आता तुझ्या आकड्यांमधली ती १४ दशांश स्थळं. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, म्हणजे सहावं स्थळ सुमारे ११ सेंटीमीटर. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा काही मीटर चुकतो, मग पुढचे आकडे नुसती फाइल फुगवतात. सहा ठेव, दुकानांना पाचही पुरतात.

पण साठवताना ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकड्यांचा कमी अचूक प्रकार) वापरू नकोस. रेखांश ७३च्या आसपास त्याची एकेक पायरी जवळपास ८० सेंटीमीटरची पडते. दुकानाला चालून जाईल, शेताच्या बांधाला नाही. आणि बांधावरून आपल्याकडे काय होतं ते तुला ठाऊक आहेच. डबल, म्हणजे ६४ बिटांचा प्रकार घे.