राज्य लॉटरी खाजगी कंपनीला चालवायला द्यावी का?

तुमचं म्हणणं असं, की वाशीहून चालणारी आपली राज्य लॉटरी मरगळलीय, केरळची जोरात आहे, तर आपलीही एखाद्या खाजगी कंपनीकडे सोपवावी. ठाण्यातल्या काही लॉटरी विक्रेत्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये.

केरळचा दाखला तर उलटाच पडतो. तिथली लॉटरी 1967 साली सरकारने सुरू केली आणि आजही सरकारी खातंच चालवतं. जोर आहे तो गावोगावच्या एजंटांचा. त्यांच्यासाठी तिथे कल्याण निधी मंडळ आहे. कारुण्य लॉटरीच्या पैशातून गरीब रुग्णांच्या उपचारांना मदत झाली, म्हणजे तिकीट घेणाऱ्यालाही आपला पैसा कुठे जातो ते दिसलं. आपली लॉटरी 1969 पासून आहे. तिच्या नफ्याचं काय होतं, हे ठाणे स्टेशनबाहेर तिकीट घेणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

आता पैशाचं बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे, आधी 28 होता. बक्षिसाची रक्कम वजा न करता तो लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच स्पष्ट केलंय. कर धरून 100 रुपयांचं तिकीट असेल, तर साधारण साडेअठ्ठावीस रुपये करात गेले. (त्यातला निम्मा राज्यालाच मिळतो, हेही खरं.) उरलेल्या साडेएकाहत्तरात बक्षिसं, विक्रेत्याचं कमिशन, छपाई, जाहिरात आणि सरकारचा नफा बसवायचा. त्यात कंपनीचा नफा घालायचा तर कुणाचा तरी वाटा कापावा लागेल. सरकारला ठरलेली रक्कम आधीच लिहून दिलेली असते, तेव्हा कात्री बक्षिसांना लागते किंवा टपरीवाल्याच्या कमिशनला. बक्षिसं आटली की गिऱ्हाईक तुटतं, आणि खप आणखी घसरतो.

‘किमान हमी रक्कम’ या पद्धतीची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. वितरक सरकारला ठरावीक आकडा देतो, वरची कमाई त्याची. मग तिकिटं किती छापली, किती खपली, न खपलेल्यांचं काय झालं, हे काटेकोर तपासण्यात सरकारलाही फारसा रस उरत नाही. खरं तर 1998 च्या लॉटरी कायद्याने विक्रीसाठी वितरक नेमायला मुभा दिलीय, पण सोडत राज्य सरकारनेच काढायची आणि विक्रीचा पैसा सरकारच्या लोकलेख्यात (म्हणजे सरकारी खात्यात) भरायचा, असं बजावलंय.

परदेशातला अनुभवही बघून ठेवा. अमेरिकेत इलिनॉयने 2011 मध्ये आपल्या लॉटरीचं व्यवस्थापन नॉर्थस्टार या खाजगी गटाकडे दिलं. कबूल केलेलं उत्पन्न त्यांना गाठता आलं नाही, वाद झाले, आणि 2018 मध्ये दुसरी कंपनी आली.

छपाई, विक्रीची यंत्रं, जाहिरात ही कामं कंत्राटाने जरूर द्या, त्याला माझी हरकत नाही. पण कधी निविदा निघालीच, तर मोठाल्या हमीच्या आकड्याआधी दोन कलमं शोधा: न विकलेल्या तिकिटांची मोजदाद कोण करणार आणि विक्रेत्याचं किमान कमिशन किती. ती नसतील तर हरकत नोंदवा, आणि आपल्या भागातल्या विक्रेत्यांनाही नोंदवायला सांगा.